आधी पाणी, मग गाडी

उन्हाळ्यात लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या काढण्याचा उत्साह आपल्या इंदुरात अलीकडे बराच वाढला आहे आणि त्यात डॉक्टरमंडळींचा भरणाही लक्षणीय आहे. ही गोष्ट आनंदाचीच. तरीही या फेऱ्यांतील उष्माघाताविषयी चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. त्याला कारण एक प्रसंग आहे आणि त्यात माझी स्वतःची चूक आहे. संबंधित मुलगा व त्याचे आईवडील यांच्या अनुमतीने तो येथे सांगतो.

२०१९ च्या एप्रिलअखेरीस इंदूर ते महेश्वर अशी सुमारे नव्वद किलोमीटरची फेरी निघाली. आम्ही तीसेक जण होतो. पहाटे पाचला निघून ऊन चढण्यापूर्वी नर्मदेवर पोहोचावे, असा बेत होता. प्रत्यक्षात झेंडा दाखवणारे पाहुणे साडेसहाला आले. मग सत्कार, मग छायाचित्रे. चाके हलली तेव्हा सात वाजून गेले होते. (पुष्पगुच्छ घेणाऱ्यांत मीही होतो, हे नमूद केले पाहिजे.)

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. महू, मानपूर मागे टाकून घाट उतरला की माळव्याचे पठार संपते, निमाड सुरू होतो आणि हवा एकदम तापलेली लागते. उतारावरच्या वाऱ्याने घाम क्षणात वाळतो, त्यामुळे आपल्याला घामच येत नाही असा भास होतो. कपड्यांवरचे मिठाचे पांढरे डाग तेवढे खरे सांगतात. पेडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकाला मिळतो, उरलेली उष्णता होते. एक लिटर घामाची त्वचेवर वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम झाली की सुटकेचा हा एकच मार्ग उरतो.

त्या मुलाचे वय सोळा. जन्मापासून माझाच रुग्ण. घाटाखाली गुजरीजवळ चहाला थांबलो तेव्हा तो घोळक्यापासून दूर बसला होता. बाटलीचे झाकण त्याला उघडेना. मी विचारपूस केली, तर एरवी ‘काका’ म्हणून आदबीने बोलणारा मुलगा माझ्यावर खेकसला. मी कपाळाला हात लावला. ते ओलसर आणि गार लागले. ‘‘दमलाय, दुसरं काही नाही,’’ असे त्याच्या वडिलांना सांगून मी सायकलवर बसलो. झाकण न उघडणे आणि स्वभाव पालटणे ही मेंदूची लक्षणे होती. एखाद्या आईने बाह्यरुग्ण विभागात ‘आज हा वेगळाच वागतोय’ एवढे जरी सांगितले असते, तरी मी त्या मुलाला घरी पाठवले नसते. तिथे मात्र मी डॉक्टर नव्हतो, घोळक्यातला एक सायकलस्वार होतो.

धामणोदच्या अलीकडे त्याची सायकल नागमोडी जाऊ लागली आणि तो पडला. आपण कुठे आहोत, असे विचारले तर ‘‘शाळेत’’ म्हणाला. काखेत तापमापक लावला, ३८.४° से. एवढाच आकडा आला. त्यावर विसंबून मी म्हणालो, ‘‘फार नाही. गाडीत घाला, एसी लावा, रुग्णालय वीस मिनिटांवर आहे.’’ आमच्यातील एक तरुण भूलतज्ज्ञ सहकारी होत्या. त्या शांतपणे, परंतु सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘नाही सर. आधी पाणी, मग गाडी.’’

रस्त्यालगतच्या शेतात ट्यूबवेलचा हौद होता. दोघांनी काखेत धरून मुलाला मानेपर्यंत पाण्यात उतरवले, डोके वर ठेवले. शेतकऱ्याने मोटार सुरू केली, शेजारच्या रसवंतीवाल्याने बर्फाची लादी फोडून हौदात टाकली. पाणी सतत ढवळत ठेवले, कारण अंगालगतचे पाणी लगेच तापते. तोंडाने काहीही दिले नाही. पंधरा मिनिटांनी त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘काका, माझी सायकल कुठे आहे?’’ त्यानंतर आम्ही त्याला गाडीत घातले. रुग्णालयात गुदमार्गी तापमान ३८.९° भरले; म्हणजे एवढे गार करूनही ते माझ्या काखेतल्या आकड्याहून अधिकच होते! सीके वाढलेले, लघवी गडद. तीन दिवसांनी मुलगा घरी गेला.

श्रमजन्य उष्माघाताची व्याख्या आपण सर्वांनी पाठ केलेली आहे: शरीराचे अंतर्गत तापमान ४०° च्या वर आणि सोबत मेंदूच्या कार्यात बिघाड. ‘त्वचा कोरडी हवी’ ही जुनी अट मात्र येथे लागू पडत नाही. हा रुग्ण बहुधा घामाने भिजलेलाच असतो. कपाळ, काख, कान यांपैकी कशावरही भरवसा ठेवू नये. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण येथे मेंदूतील तापनियंत्रक वर सरकलेला नसतो. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९° च्या खाली आणणे हाच उपचार. अमेरिकेतील फाल्मथ येथील शर्यतीत अठरा वर्षांत अशा २७४ रुग्णांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बुडवण्यात आले आणि सर्व वाचले.

याउलट १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्प्सन कोसळला, तेव्हा त्याला पुन्हा सायकलवर बसवण्यात आले. थोड्याच अंतरावर तो पुन्हा पडला आणि गेला. ऊन होते, उत्तेजक द्रव्य आणि मद्यही होते, पाणी घेण्यावर त्या काळी नियमांचे बंधन होते. औषधांचा हा मुद्दा मला विशेष बोचतो. आमच्या मुलाला दोन दिवसांपूर्वी सर्दी-ताप होता आणि क्लोरफेनिरामिन असलेले औषध मीच लिहून दिले होते. ते घाम कमी करते, शिवाय नुकताच येऊन गेलेला ताप हे स्वतंत्र जोखमीचे कारण. ‘परवा सायकल चालवणार आहेस का?’ हा प्रश्न मी विचारला नाही.

पाण्याविषयी एक खुलासा. ‘तहान नसली तरी पीत राहा’ हा आपला लाडका सल्ला धोकादायक ठरू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी होते. ज्यांचे वजन धावताना वाढले, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. म्हणून तहानेनुसार प्यावे आणि फेरीअंती वजन वाढलेले दिसल्यास पाणी जास्त झाले असे समजावे. सोडियम उतरलेला रुग्णही गोंधळलेलाच असतो. त्याला साधे सलाइन भराभर न चढवता तीन टक्क्यांचे १०० मिलि द्यावे लागते. दोघांतला फरक रस्त्यावर ओळखण्यासाठी आपल्या हाती गुदमार्गी तापमापकच असतो.

त्यानंतरच्या फेऱ्यांत आम्ही झेंडा आदल्या संध्याकाळी दाखवून घेतो. सोबतच्या गाडीत ताडपत्री, पाण्याचे कॅन, बर्फाच्या दोन पेट्या आणि तो तापमापक असतो. हौद नसेल तेथे चौघांनी ताडपत्रीची झोळी धरली की काम भागते. घाटाखालच्या थांब्यावर प्रत्येकाने शेजाऱ्याला त्याचे नाव, गाव आणि आजचा वार विचारायचा, असा नियम आहे. त्यावर आणि तापमापकावर सदस्य पुष्कळ विनोद करतात. तो मुलगा आता अभियांत्रिकी पूर्ण करून नोकरीला लागला आहे; गेल्या वर्षी त्याने मलाच वार विचारला आणि मी चुकीचा सांगितला. त्याने मला सायकलवरून उतरवून सावलीत बसवले.