🍎 डाळिंबावरील डागाचा फोटो: झूम नको, जवळ जा

तेल्याच्या डागाची कड तेलकट, पाणीदार दिसते. हा रोग जिवाणूजन्य आहे. नुसत्या बुरशीनाशकाने आटोक्यात येत नाही. फोटोत कडच दिसली नाही, तर सल्ला चुकतो अन् फवारणीचा खर्च वाया जातो.

बोटांनी झूम केलं की कॅमेरा बहुधा आहे तेच चित्र ताणून मोठं करतो, नवा बारकावा येत नाही. म्हणून:

१) लेन्स सुती कापडाने पुसा.
२) मोबाईल फळापासून वीतभर धरा, स्क्रीनवर डागावर बोट टेकवा. धूसर दिसलं तर थोडं मागे घ्या.
३) फोटो सावलीत काढा, फ्लॅश बंद ठेवा. चकाकीत कड हरवते.
४) झाड, फांदी, डाग असे ३ फोटो काढा.
५) व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, एरवी फोटोची स्पष्टता कमी होते.

उत्तर येईपर्यंत अंदाजाने फवारू नका. 🙏