इंग्रजीची पायाभरणी : सहावीच्या वर्गातील प्रश्न

महात्मा गांधींच्या 150 व्या जयंतीच्या निमित्ताने राजस्थान शासनाने 2019-20 या शैक्षणिक वर्षात 33 जिल्ह्यांच्या मुख्यालयी प्रत्येकी एक शासकीय शाळा इंग्रजी माध्यमात रूपांतरित केली. जयपूरमध्ये हा मान मानसरोवर भागातील शाळेला मिळाला. आरंभी पहिली ते आठवी हे वर्ग सुरू झाले. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास सोडतीने प्रवेश देण्याची पद्धत ठरली. पुढील काही वर्षांत अशा शाळांची संख्या साडेतीन हजारांच्या पुढे गेली. डिसेंबर 2023 मधील सत्तांतरानंतर या शाळांच्या फेरआढाव्याचे काम हाती घेण्यात आले.

योगायोग असा की ज्यांच्या नावाने या शाळा निघाल्या, त्यांनी 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतूनच द्यावे, असा आग्रह धरला होता. तथापि, या विसंगतीवर टीका करून पालकांच्या मागणीचे स्पष्टीकरण मिळत नाही. ते अर्थशास्त्रात शोधावे लागते.

मागणी कोठून येते?

आझम, चिन आणि प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी 2005 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या आधारे केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण, वय इत्यादी घटक विचारात घेतल्यानंतरही, इंग्रजी अजिबात न येणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्यांचे ताशी वेतन सुमारे 34 टक्के, तर थोडेफार इंग्रजी येणाऱ्यांचे सुमारे 13 टक्के अधिक असल्याचे त्यात आढळले. जवाहिरे, हस्तव्यवसाय आणि पर्यटन यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या जयपूरसारख्या शहरात पालकांना हे आकडे वाचावे लागत नाहीत. ते बाजारात रोज दिसतात.

मराठी वाचकांना दादरचा अभ्यास अधिक जवळचा वाटेल. मुन्शी व रोझेनझ्वाइग यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या संशोधनात एक लक्षणीय बाब पुढे आली. कथित कनिष्ठ जातींतील मुलगे मराठी माध्यमातच राहत होते, कारण जातीच्या परिचयातून मिळणाऱ्या कामगार वर्गाच्या नोकऱ्यांसाठी तेवढे शिक्षण पुरेसे होते. मुलींसाठी असे जाळे नव्हते. म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे अधिक वेगाने वळल्या. थोडक्यात, भाषेची निवड ही रोजगाराच्या दारांची निवड असते.

परीक्षार्थींनी येथे घटनात्मक चौकट लक्षात घ्यावी. अनुच्छेद 350-अ भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याविषयी आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 29 नुसार शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मातृभाषा असावे. मात्र मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती राज्य करू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2014 मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात दिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 ने किमान पाचवीपर्यंत व शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम सुचवले आहे.

माध्यम आणि विषय यांत गल्लत

इंग्रजी माध्यमात शिकणे म्हणजे इंग्रजी शिकणे, हा समज सार्वत्रिक आहे आणि माझ्या मते तोच सर्वाधिक नुकसान करतो. पाच वर्षे हिंदीतून शिकलेली मुलगी सहावीत अशा शाळेत दाखल झाली, तर विज्ञानाच्या पुस्तकातील वाक्य तिला दोनदा अडवते. एकदा भाषेमुळे आणि दुसऱ्यांदा आशयामुळे. इंग्रजीच्या तासालाही पुस्तक सहावीचेच असते. तिला मुळाक्षरे ठाऊक असतात, पण अक्षरांवरून शब्दाचा उच्चार काढता येत नाही. ती फळ्यावरचे उतरवून घेते, वर्गाबरोबर मोठ्याने म्हणते, आणि शिक्षकांना तिची अडचण कळतच नाही.

अशी मुले थोडी नाहीत. ग्रामीण भारतासंबंधीच्या असर 2022 या अहवालानुसार इंग्रजीतील साधी वाक्ये वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण पाचवीत 24.5 टक्के आणि आठवीत 46.7 टक्के होते. 2016 मधील आकडे अनुक्रमे 24.7 व 45.3 टक्के होते. सहा वर्षांत जवळजवळ काहीच हलले नाही. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे मुख्य लक्ष्य तिसरीपर्यंतच्या साक्षरतेचे असल्याने, त्यापुढे गेलेली मुले या प्रयत्नांच्या बाहेरच राहतात.

पाया म्हणजे नेमके काय?

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे स्थिर आहे. इंग्रजीत 26 अक्षरांवर सुमारे 44 ध्वनींचा भार आहे. ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये क होते व ‘सिटी’मध्ये स, ‘ए’ हे अक्षर ‘कॅट’, ‘केक’ आणि ‘कॉल’ या तीन शब्दांत तीन रूपे घेते. वाक्यरचनेत क्रियापद शेवटी न येता मध्ये येते. हिंदी भाषक मुले ‘स्टेशन’ला बऱ्याचदा ‘इस्टेशन’ म्हणतात. मराठी मुलांना ही अडचण सहसा येत नाही.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाची जमेची बाजूही मोठी असते. त्याला एका भाषेत वाचता येते, वर्णमालेची शिस्त त्याच्या कानात बसलेली असते आणि ‘बस’, ‘पेन’, ‘डॉक्टर’ यांसारखे शेकडो इंग्रजी शब्द तो रोज वापरतो. या शब्दांचे ध्वनी देवनागरीच्या आधाराने सुटे करून रोमन अक्षरांशी जोडणे, ही पहिली पायरी होय. त्यानंतर लहान वाक्ये अर्थासह वाचणे, आणि लेखन त्याही नंतर. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मातृभाषेचा आधार घेण्याची तिची दृष्टी योग्यच होती. बोलण्याला मात्र तिच्यात गौण स्थान होते.

शिकवण्याच्या पद्धतीविषयी महाराष्ट्रातील एक प्रयोग उपयुक्त आहे. ठाणे आणि रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे ‘प्रथम’च्या इंग्रजी कार्यक्रमाचे मूल्यमापन ही, लिंडेन व मॅक्लाऊड यांनी केले. त्यात एक चित्रयंत्र आणि शिक्षकांनी घ्यावयाचे उपक्रम यांची तुलना होती. दोन्हींचा लाभ झाला. परंतु कच्च्या मुलांना शिक्षकांच्या उपक्रमांचा अधिक, तर पक्क्या मुलांना यंत्राचा अधिक. तो वर्ग प्राथमिक शाळेचा होता, तरी वर्गखोलीत नुसते पडदे बसवणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर पाहावा.

वेळेचा हिशेब

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 कामाचे दिवस आहेत. रोज 40 मिनिटांची एक तासिका धरल्यास वर्षाला सुमारे 147 आणि तीन वर्षांत 440 तास होतात. सहावीचे पहिले 60 दिवस पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून, इयत्तेनुसार नव्हे तर प्रत्यक्ष वाचनपातळीनुसार गट करून पायाभरणीला दिले, तर त्याची किंमत 40 तास, म्हणजे एकूण वेळेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही की माध्यम बदलावे लागत नाही. अडचण आहे ती शिक्षकांची. जयपूरमध्ये या शाळांसाठी शिक्षक बहुतांशी हिंदी माध्यमाच्या विद्यमान सेवेतूनच मुलाखती घेऊन निवडले गेले. विषयाचे ज्ञान असलेल्या या शिक्षकांना सुरुवातीचे वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे काय, हे फेरआढाव्यात पटसंख्येच्या आधी तपासले जावयास हवे.