चेंबरच्या तळाचा बोल्ट

रविवारी सकाळी जुने कपडे चढवून, गाडीखाली तसराळं सरकवून इंजिन ऑइल स्वतः बदलणाऱ्यांची एक जमात आपल्याकडे आहे. मी त्या जमातीतला. घरात एक स्प्लेंडर आणि एक जुनी हॅचबॅक. दोघींचं ऑइल घरीच बदलतो. पैसे वाचतात ते वाचतात, पण खरं समाधान असतं ते डब्यात काय होतं आणि इंजिनात काय गेलं हे डोळ्यांनी पाहिल्याचं.

अशा लोकांसाठी ऑनलाइन बाजारात दोन वस्तूंचा हल्ली बराच बोलबाला आहे. एक, ड्रेन व्हॉल्व्ह: चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भांड्याच्या, बोल्टच्या जागी कायमची बसवायची छोटी पितळी तोटी. दुसरी, चुंबकी बोल्ट: ज्याच्या टोकाला चुंबक आहे असा ड्रेन बोल्ट. या दोन्ही वस्तू मी वापरल्या आहेत. दोन्ही उपयोगाच्या आहेत, पण जाहिरातीत सांगतात त्या कारणासाठी नव्हे. व्हॉल्व्ह आटे वाचवतो. चुंबक बातमी देतं. इंजिनाचं आयुष्य दोन्हींपैकी कुणीच परस्पर वाढवत नाही.

आटे जातात कसे

आमची हॅचबॅक एकदा घाईत बाहेरच्या एका गॅरेजमधून सर्व्हिसिंग होऊन आली. पुढच्या वेळी ऑइल काढायला मी बोल्टला गोटी लावली, तेव्हा तो सुटेना. सुटला तोही करकरत, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती. ती तार म्हणजे चेंबरचे आटेच. पान्याला पाइप घालून कुणीतरी तो बोल्ट आवळला होता.

चेंबर उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे नेला. त्यानं बोल्ट उजेडात धरून फिरवला आणि म्हणाला, "दादा, आटे पार गेल्यात की. ह्याला पाना लावला हुता का घण?"

त्यानं भोक मोठं करून नवा टॅप मारला आणि आत हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेचं आट्यांचं वेटोळं बसवलं. मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा चालू लागला. काम चोख झालं. चेंबर आधीच उतरवलेला असल्यामुळे टॅपिंगचा कीस धुऊन काढता आला, हे महत्त्वाचं. गाडीखाली झोपून, चेंबर जागेवर ठेवूनच टॅप मारणारे आहेत. मग तो कीस आत राहतो आणि नवीन ऑइलबरोबर फिरतो.

हे दुखणं अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला जास्त. बोल्ट स्टीलचा, आटे मऊ धातूचे. दोघांची झटापट झाली की हार मऊ धातूची. पत्र्याच्या चेंबरला आत स्टीलचा नट वेल्ड केलेला असतो, तो जास्त सोसतो. पण सोसतो म्हणून कितीही आवळावा असं नाही.

मग किती आवळायचा? आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच पाळायचा. अंदाज यावा म्हणून सांगतो: 14 मिलिमीटरच्या ड्रेन बोल्टला बऱ्याच छोट्या गाड्यांत 35 ते 40 न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साधारण 18 ते 20 किलोचा जोर. दोन हातांनी लोंबकळायची गरजच नाही. दुचाकीचा 12 मिलिमीटरचा बोल्ट त्याहूनही कमी जोरात बसतो. टॉर्क पाना घेणं जमलं तर उत्तम. नाहीतर आखूड पाना वापरावा, म्हणजे चूक करायची म्हटली तरी फार मोठी होत नाही.

लोक जास्त का आवळतात? तर ऑइल झिरपतं म्हणून. आणि ऑइल झिरपतं ते बहुतेक वेळा वायसर जुना असल्यामुळे. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तो वायसर एकदा चेपला की त्याचं काम झालं. दर वेळी नवा टाकावा. काही रुपयांची वस्तू आहे. तांब्याचा असेल आणि दुकान बंद असेल, तर गॅसवर लालबुंद तापवून पुन्हा मऊ करता येतो. टेफ्लॉन टेप मात्र आट्यांवर गुंडाळू नये. इथं गळती वायसर थांबवतो, आटे नव्हेत. टेपचे तुकडे आत गेले तर ते थेट ऑइल पंपाच्या जाळीकडे जातात.

व्हॉल्व्ह कुणासाठी

हेलिकॉइल बसवलेल्या चेंबरचे आटे दर वेळी उघडझाप करून पुन्हा झिजवायचे नव्हते, म्हणून मी व्हॉल्व्ह बसवला. त्याचा खरा फायदा हाच. एकदा बसला की आट्यांना पुन्हा हात लागत नाही. गरम ऑइल मनगटावरून ओघळत नाही आणि बोल्ट तसराळ्यात पडून काळ्या ऑइलात शोधत बसावा लागत नाही.

याचे दोन प्रकार मिळतात. पहिल्यात आत भोक पाडलेली गोळी असते. बाहेरची दांडी उचलून पाव फेरा फिरवली की भोक समोर येतं आणि ऑइल सुरू होतं. दुसऱ्यात स्प्रिंगचा झडपवजा भाग चेंबरला राहतो आणि त्यावर टोपण बसतं. ऑइल काढताना टोपण काढून नळी लावली की नळीतली दांडी झडप आत ढकलते. पहिला हाताळायला सोपा, पण लांबोडा. दुसरा बुटका, पण नळी जपून ठेवावी लागते.

लांबी हाच इथला कळीचा मुद्दा, आणि तो आमच्या आतेभावानं महागात शिकवला. त्यानं माझं पाहून त्याच्या गाडीला दांडीचा व्हॉल्व्ह लावला. माझ्या गाडीत बोल्टचं तोंड चेंबरच्या मागच्या अंगाला आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह चेंबरच्या तळरेषेच्या वरच राहतो. त्याच्या गाडीत ते तोंड सरळ खाली. पावसाळ्यानंतर उसाच्या ट्रॉल्यांनी शेतरस्त्यावर दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मधला उंचवटा तसाच होता. त्या उंचवट्यातल्या दगडानं व्हॉल्व्ह मुळापासून वाकवला. थोड्याच अंतरात डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. त्यानं तिथंच गाडी बंद केली, म्हणून इंजिन वाचलं; टोइंग, चेंबर आणि ऑइल यांचं बिल मात्र झालंच.

त्या लाल दिव्याबद्दल सांगायला हवं. तो ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब पडला हे सांगतो. तो लागतो तेव्हा पंपाला ऑइल मिळेनासं झालेलं असतं. "गॅरेजपर्यंत नेतो" हा विचार तिथं चालत नाही. गाडी बाजूला घ्यायची आणि किल्ली फिरवायची.

तेव्हा व्हॉल्व्ह मागवण्याआधी गाडीखाली डोकावा. बोल्टचं तोंड मागे किंवा बाजूला असेल आणि खालून संरक्षक प्लेट असेल तर बिनधास्त लावा. तोंड खाली असेल तर चेंबरच्या सर्वांत खालच्या पातळीपासून मोजा. व्हॉल्व्ह तिच्याही खाली लोंबणार असेल तर आपले गतिरोधक आणि गावाकडचे रस्ते आठवा, आणि बेत रद्द करा. बुटका प्रकार त्यातल्या त्यात बरा. दांडीच्या प्रकाराला लॉकची क्लिप मिळते. ती लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. पितळ स्टीलपेक्षा मऊ असतं, म्हणून मूळ बोल्टचा टॉर्क इथं लावायचा नाही, पाकिटावर दिला असेल तोच लावायचा. आट्यांचं माप आधी पडताळा: 14 मिलिमीटर व्यास आणि 1.5 पिच हे माप बऱ्याच गाड्यांत असतं, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत 12 आणि 1.25. जवळपासच्या मापाचा व्हॉल्व्ह दोन फेरे हातानं बसतो आणि तिसऱ्याला आटे कापायला लागतो.

एक मर्यादाही आहे. व्हॉल्व्हचं भोक बोल्टच्या भोकापेक्षा बरंच लहान असतं, त्यामुळे ऑइल सावकाश येतं. शिवाय व्हॉल्व्हचा आतला भाग तळाच्या थोडा वर राहिला तर तेवढं काळं ऑइल आतच राहतं. इंजिन काही मिनिटं चालवून, ऑइल कोमट करून मग काढलं आणि धार थेंबांवर येईपर्यंत धीर धरला, तर उरलेल्या चमचाभर ऑइलानं काही बिघडत नाही. पण ज्या इंजिनात आधीच गाळ साचलाय, त्याला व्हॉल्व्ह लावू नका. त्याला मोठं भोक आणि मोठी धारच हवी.

चुंबक काय सांगतं

चुंबकी बोल्ट मी लावला तो स्प्लेंडरला, आणि विचार करून लावला. कारमध्ये कागदी फिल्टर असतो. ऑइलमधले कण बऱ्यापैकी तो धरतो. स्प्लेंडरसारख्या साध्या दुचाकीत कागदी फिल्टर नसतो. तारेची जाळी असते, आणि क्रँकबरोबर फिरणारी एक वाटी असते जी जड कण कडेला फेकते. त्यातच गिअर आणि क्लच यांचंही ऑइल तेच. एक लिटरहूनही कमी ऑइलात इतका संसार चालतो. तिथं लोखंडाचा बारीक कीस धरून ठेवणारं चुंबक कारपेक्षा नक्कीच जास्त कामाचं.

पहिला बोल्ट मी ऑनलाइन स्वस्तात घेतला होता. पुढच्या खेपेला काढून पुसताना त्याचं चुंबक फडक्यातच निघून आलं. ते नुसतं चिकटवलेलं होतं आणि गरम ऑइलानं गोंद सुटत आला होता. अजून काही दिवसांनी ते आत, गिअरच्या दातांशेजारी सुटलं असतं. निओडिमियमचं चुंबक जोरदार असतं, पण ठिसूळही असतं, आणि त्याची साधी जात साधारण 80 अंशांच्या वर आपला जोर कायमचा गमावू लागते. इंजिनातलं ऑइल सहज शंभरीच्या आसपास जातं. उष्णता सोसणाऱ्या जाती मिळतात, पण पाकिटावर "पॉवरफुल" एवढंच लिहिलं असेल तर आत कोणती जात आहे ते कळायला मार्ग नाही.

म्हणून आता नवा बोल्ट आला की आधी घरी परीक्षा. किती टाचण्या उचलतो ते पाहायचं. मग पातेल्यात उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचा, थंड होऊ द्यायचा आणि पुन्हा टाचण्या मोजायच्या. जोर घटला तर परत पाठवायचा. चिमट्यानं चुंबक ओढून, पिळून पाहायचं. जरा हाललं तरी नापास. चुंबक नुसतं चिकटवलेलं नको, बोल्टमध्ये खोल बसवून कडा दाबलेलं हवं. आणि जुन्या बोल्टशेजारी ठेवून लांबी पाहायची, कारण फार आत घुसणारं टोक कशाला तरी अडू शकतं.

आता वाचन. बोल्ट काढला की टोकावर राखाडी लेप दिसतो. बोटांत चोळून पाहा. लोण्यासारखा गुळगुळीत लागला, कण टोचला नाही, तर ती नेहमीची झीज. नव्या गाडीच्या पहिल्या एक-दोन ऑइल बदलांत लेप जाड असतो, मग पातळ होत जातो. पण चोळताना कण टोचले, सुईसारख्या सळ्या किंवा चपट्या कपच्या दिसल्या, तर गिअरचा दात किंवा असंच काही तुटतंय. तेव्हा मेकॅनिक गाठा, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नका. विमानांच्या आणि हेलिकॉप्टरच्या इंजिनांत याच तत्त्वावरचे चुंबकी शोधक असतात. त्यांवर कपची अडकली की वैमानिकासमोर दिवा लागतो. आपल्याकडे दिवा नाही, तेव्हा नोंद ठेवायची. मी लेप पांढऱ्या कागदावर पुसतो, किलोमीटर लिहितो आणि फोटो काढून ठेवतो. एकटा फोटो फारसं बोलत नाही, मागच्या फोटोशेजारी ठेवला की बोलतो.

चुंबक काय सांगत नाही, तेही ध्यानात ठेवा. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा; त्याची झीज चुंबकाला दिसत नाही. कारच्या क्रँकच्या बेअरिंगवरचा मऊ थर तांबं, कथील, अ‍ॅल्युमिनियम असल्या धातूंचा, तोही नाही. काजळी नाही. आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ, जी सिलिंडर घासून काढते, तीही नाही. चुंबक स्वच्छ दिसलं म्हणून ऑइल बदलायची मुदत लांबवणं हा शुद्ध आत्मघात. धुळीसाठी एअर फिल्टर वेळेवर साफ करा. त्याची जागा कुठलाच बोल्ट घेत नाही.

बाकीचं थोडक्यात

व्हॉल्व्ह आणि चुंबक एकाच भोकात सहसा बसत नाहीत, तेव्हा निवड करावीच लागते. वॉरंटीतल्या गाडीला दोन्ही नकोत. उद्या दावा करायची वेळ आली तर वादाला निमित्त नको. कारखाली जाताना नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. सपाट जमीन, हँडब्रेक, चाकाला दगड आणि खाली जॅक स्टँड, एवढं असेल तरच. कुठलाही नवा बोल्ट बसवल्यावर रात्रभर खाली पुठ्ठा ठेवावा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर डिपस्टिक पाहावी.

निघालेलं जळकं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून ते अधिकृत संकलकाकडे देणाऱ्या गॅरेजमध्ये पोचतं करा. सेंट्रिंगच्या फळ्यांना फासायला मागणारे भेटतील. तेही ऑइल शेवटी पावसाबरोबर मातीतच जातं.

सल्ला विचाराल तर क्रम असा ठेवा. आधी दर वेळी नवा वायसर. मग मॅन्युअलमधला टॉर्क. कागदी फिल्टर नसलेली दुचाकी असेल तर परीक्षा पास झालेला चुंबकी बोल्ट. अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर आणि बोल्टचं तोंड मागे किंवा बाजूला असेल तर व्हॉल्व्ह. शेवटच्या दोहोंतलं काहीच लागू होत नसेल, तर कंपनीनं दिलेला साधा बोल्टच ठेवा. बेतानं आवळला तर तो गाडी भंगारात जाईपर्यंत टिकतो.