दोन संगणकांतील थेट देवाणघेवाण : दोषाचा शोध कसा घ्यावा?

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील काही शिक्षकांच्या व ग्रामपंचायत सदस्यांच्या घरी आज दोन संगणक असतात : एक जुना, टेबलावरचा आणि दुसरा नवा लॅपटॉप. विद्यार्थ्यांच्या गुणनोंदी, ग्रामसभेचे इतिवृत्त किंवा लाभार्थ्यांची यादी एकावर असते आणि काम दुसऱ्यावर करावयाचे असते. पेनड्राइव्हमधून नक्कल नेली की एकाच यादीच्या दोन प्रती होतात. त्यांपैकी जुनी प्रत चुकून पुढे पाठविली गेल्यास एखाद्या पात्र कुटुंबाचे नाव वगळले जाऊ शकते. यास्तव फाईल एकाच ठिकाणी ठेवून ती दोन्ही संगणकांवरून वापरणे श्रेयस्कर होय. दोन्ही संगणक एका नेटवर्क केबलने थेट जोडल्यास राऊटर वा इंटरनेट नसतानाही ही सोय होते.

परंतु केबल जोडूनही दुसरा संगणक दिसत नाही, अशी अडचण पुष्कळदा येते. धुळे जिल्ह्यात पांझरेवरील फड पद्धतीच्या सिंचनात शेवटच्या शेताला पाणी मिळाले नाही, तर बंधाऱ्यापासून पाट पाहत खाली यावे लागते. येथेही तोच क्रम ठेवावा.

केबल : दोन्ही बाजूंच्या जोडणीजवळील दिवा लागतो काय, हे प्रथम पाहावे. न लागल्यास केबल बदलून पाहावी. फार जुन्या दोन यंत्रांना क्रॉसओव्हर केबल लागते. अलीकडच्या यंत्रांना साधी केबल चालते.

पत्ता : राऊटर नसल्यामुळे पत्ता वाटणारे कोणी नसते. तेव्हा संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. एकाचा पत्ता असा आणि दुसऱ्यावर पूर्वीचा कायम पत्ता राहिलेला, असे असल्यास भेट होत नाही. यावर उपाय म्हणजे एकास १९२.१६८.५०.१ व दुसऱ्यास १९२.१६८.५०.२ हा पत्ता द्यावा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा आणि गेटवे रिकामा सोडावा. (यंत्रात हे आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत.) घरातील वायफायची मालिका मात्र याहून वेगळी असावी.

फायरवॉल : गेटवे नसलेल्या जोडणीस विंडोज बहुधा अनोळखी समजते आणि 'पब्लिक' वर्गात टाकते. या वर्गात फाईल वाटपास सहसा मज्जाव असतो. शक्य असल्यास जोडणी 'प्रायव्हेट' करावी. अन्यथा फायरवॉलमध्ये केवळ दुसऱ्या संगणकाच्या पत्त्यास वाटपाची परवानगी द्यावी. फायरवॉल सरसकट बंद करू नये. पिंग आज्ञेस उत्तर आले, तर केबल व पत्ता निर्दोष समजावेत. उत्तर न आल्यास मात्र केबलच सदोष आहे असे मानू नये; फायरवॉलही पिंग अडविते.

अधिकार : फोल्डरला वाटपाचे व मूळ फाईलचे असे दोन परवाने असतात. त्यांपैकी जो अधिक कडक, तोच लागू होतो. ज्या खात्यास पासवर्ड नाही, त्याला विंडोज जाळ्यावरून सहसा प्रवेश देत नाही. म्हणून पासवर्ड अवश्य ठेवावा. संगणक नावाने सापडत नसेल, तर दोन उलट्या तिरक्या रेषांपुढे त्याचा पत्ता लिहून पाहावे.

एवढे करूनही अडचण राहिल्यास यंत्रांची पिढी तपासावी. विंडोज १० मधील होमग्रुप ही सोय २०१८ साली काढून टाकण्यात आली. विंडोज एक्सपी वाटपासाठी एसएमबी १ ही जुनी रीत वापरते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने याच रीतीतील उणिवेचा लाभ घेतला होता. नव्या विंडोजमध्ये ती मुळातच बंद असते. केवळ जुने यंत्र जोडता यावे म्हणून ती पुन्हा सुरू करणे धोक्याचे आहे. अशा वेळी विषाणूतपासणी केलेला पेनड्राइव्हच बरा.

एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत नोंदवावा. अन्यथा कोणत्या उपायाने काम झाले, हे कळत नाही. संपूर्ण ड्राइव्ह खुली न करता एकच फोल्डर वाटावा. ज्यास केवळ वाचावयाचे आहे, त्यास लिहिण्याचा अधिकार देऊ नये. वाटप म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. मूळ फाईल बिघडली, तर ती दोन्ही संगणकांवर बिघडलेलीच दिसते. म्हणून गावाच्या नोंदींची वेगळी प्रत नियमाने काढून ठेवणे अगत्याचे आहे.