कोपायलट, कर्सर की क्लॉड कोड?

प्रश्न : आमची छोटी टीम इंटेलिजेमध्ये जावाचं काम करते. कोडिंगसाठी कोणता एआय सहायक घ्यावा?

उत्तर : तुमचा एडिटर ठरलेला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा. गिटहब कोपायलट २०२२ पासून सर्वांसाठी खुला आहे आणि इंटेलिजेत प्लगइन म्हणून बसतो. कर्सर हा व्हीएस कोडवर बेतलेला स्वतंत्र एडिटर आहे. केवळ त्याच्यासाठी सगळ्या टीमची बसलेली घडी मोडू नये, असं मला ठामपणे वाटतं. क्लॉड कोड टर्मिनलमध्ये चालतो. फायली वाचतो, बदल करतो, परवानगी दिलीत की टेस्टही चालवतो. त्यामुळे एडिटर कुठलाही चालतो.

निवड मात्र जाहिरातीतल्या डेमोवरून करू नका. तुमच्याच प्रोजेक्टमधला एखादा जुना, सुटलेला बग घ्या, दुरुस्तीआधीच्या कोडवर कोपायलट आणि क्लॉड कोड दोन्हींना तोच सोडवायला द्या आणि तुमच्या खऱ्या दुरुस्तीशी ताडून पाहा. टेस्ट नसतील तर आधी त्या लिहा. नाहीतर चुकीचा कोडही बरोबरच वाटेल.

आणि हो, क्लायंटच्या करारात कोड बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायची मुभा आहे का, हे चाचणीआधीच लेखी विचारा.