प्रवरातीरीचे नेवासे

आमच्या शिरगावी येणारे अनेक भाविक पुढे शिर्डी व शनिशिंगणापूरची यात्रा करतात. शिंगणापूर ज्या तालुक्यात आहे, त्या नेवासे गावी मात्र थोड्यांचीच पावले वळतात. प्रवरा नदीच्या काठी, उसाच्या मळ्यांच्या मुलखात हे प्राचीन क्षेत्र वसले आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये श्रीज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी येथेच सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली.

ज्या खांबास टेकून महाराज बसले अशी श्रद्धा आहे, तो ‘पैस’ खांब आजही उभा आहे. भाविक त्यापुढे मस्तक नमवितात; त्यावरील संस्कृत शिलालेखाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. करवीरेश्वराच्या अखंड दीपाच्या तेलासाठी आजोबांनी दरमहा सहा रुपकांचे दान लावून दिले होते, ते पुढे चालू राहावे, असा त्याचा आशय आहे. करवीरेश्वराचे ते देवालय राहिले नाही. दानाची नोंद तेवढी उरली. (देणगीची पावती लिहिताना आम्हांस या खांबाची हटकून आठवण होते.)

सन १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथील लाडमोड टेकडीचे उत्खनन केले. ताम्रपाषाणकालीन एका बालकाच्या दफनात तांब्याचे मणी मिळाले, त्यांत ओवलेल्या सुताचे अवशेषही होते.

श्रीमोहिनीराजाच्या सुंदर मंदिराचे दर्शनही अवश्य घ्यावे. शिंगणापूरहून परतताना घाईने डोकावून जाण्याऐवजी नेवाशासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा.