सेन्सर चांगला, केबल कसली?

घर फोपनारला, काम बुऱ्हाणपूर पट्ट्यातल्या कारखान्यांत. इथे पॉवरलूम आहेत, नेपानगरला कागद बनतो. मशीन कुठलंही असो, मोटर-पंपाचं बेअरिंग जाण्याआधी कंपन वाढतं. ते टिपणारा सेन्सर लोक हौसेनं आणतात आणि केबल मात्र स्टोअरमध्ये पडलेली ओढतात. मला याची मनापासून चीड येते.

१. केबल मागवण्याआधी सेन्सरपासून पॅनलपर्यंत पायी चाला. ऊन, वाफ, तेल, उंदीर, सगळं टिपून घ्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो, पत्र्याखालचा ट्रे त्याहून तापतो. तिथे साधं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. तेला-पाण्यात पॉलियुरेथेन घ्या, ड्रायरच्या वाफेजवळ टेफ्लॉनच. उंदरांची वाट असेल तर आर्मर्ड.

२. ट्विस्टेड पेअर, शील्डसकट. शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला, पॅनलकडे. दोन्ही टोकं जोडली की शील्डमधूनच करंट फिरतो आणि स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झला उंच काडी उभी राहते. घोळ इथेच होतो. चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १४८० फेरे घेते. मिसअलाइनमेंट दिसते ती त्याच्या दुप्पटीला, ४९.३ हर्ट्झवर, म्हणजे त्या काडीला अगदी खेटून. नवा मुलगा ती मिसअलाइनमेंट समजतो आणि धडधाकट कपलिंग खोललं जातं. शंका आली तर मोटर बंद करून बघा: फेरे थांबले तरी काडी तशीच असेल, तर दोष वायरिंगचा.

३. व्हीएफडीच्या केबलीशेजारून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

४. लांबीचा हिशेब कागदावर करा. मीटरला १०० पिकोफॅरडची केबल ३०० मीटर ओढली, सेन्सरला २ मिलिअँपिअर दिले, तर ५ व्होल्टचा सिग्नल जेमतेम १ किलोहर्ट्झपर्यंत नीट पोचतो. बेअरिंगच्या सुरुवातीच्या खुणा बहुधा त्याच्या वर असतात. तेच १० मिलिअँपिअर दिले, तर साडेनऊ किलोहर्ट्झपर्यंत मजल जाते.

५. सेन्सरजवळ केबल लोंबकळू देऊ नका, क्लिप मारा. कनेक्टरखाली एक झोळ सोडा, पाणी तिथून गळून जातं.

६. मल्टिमीटर लावा. २४ व्होल्टच्या सप्लायवर नेहमीचा सेन्सर १०-१२ व्होल्ट दाखवतो. शून्य आलं तर शॉर्ट, पूर्ण २४ आले तर वायर तुटलेली. केबलीवर मेगर मारायचा असेल तर आधी सेन्सर सोडवून बाजूला ठेवा; ५०० व्होल्टनं त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स जळतं.